शब्दांना नेमून दिलेली माणसं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज बँकेत नवे साहेब ‘इकॉनॉमिकल प्रॉब्लेम’ म्हणाले आणि मला तुमचं पंचवटीतलं स्वयंपाकघर आठवून हसूच फुटलं.

तुम्ही पोळ्या लाटताय, मी ओट्याशी पाट टाकून बसलेय. दहावीला इंग्रजीत आपटलेली, मावशीकडे राहायला आलेली लासलगावची मुलगी. ऑक्टोबरला पास झाले नाही तर नामपूरचं स्थळ ठरलेलंच. पण तुमची शिकवायची तऱ्हाच वेगळी. डिक्शनरीला हात लावू द्यायच्या नाहीत. सारख्या वाटणाऱ्या शब्दांना ओळखीची माणसं नेमून द्यायच्या. कांद्याचा भाव पडला की माझ्या वडिलांना येते ती अडचण इकॉनॉमिक, आणि कोथिंबिरीच्या एका जुडीत आठवडा काढणारे तुमचे यजमान, आमचे काका, इकॉनॉमिकल. काका बाहेरून म्हणायचे, सरळ चिक्कू म्हण की. पलीकडचे गुरुजी म्हातारपणीही पोरांत पतंग उडवायचे, ते चाइल्डलाइक. पतंग कटला की अबोला धरणारा त्यांचा भाऊ चाइल्डिश. सेन्सिबल तुम्ही माझ्या मावशीला दिलात, मला सेन्सिटिव्ह. मी अशी काही रुसले की दुसऱ्या दिवशी आलेच नाही. तुम्ही मावशीला म्हणालात, बघा, बरोबर दिला की नाही?

मग एक दिवस वडील आले. नामपूरवाले घाई करतात, पोरीचं जमणार का तेवढं सांगा, म्हणाले. मी दाराआड कान लावून उभी.

“रडते लवकर, पण तिला सगळं कळतं,” तुम्ही म्हणालात. “वर्षभर थांबा.”

“आन् ऑक्टोबरात नापास झाली तर?”

“तर परत माझ्याकडेच पाठवा.”

बाजार समितीत कुणाचं न ऐकणारे माझे वडील ‘बरं, थांबतो’ म्हणून चहा पिऊन गेले. आणि बाई, मी ऑक्टोबरला पुन्हा आपटलेच. पण ते शब्दाला जागले. स्थळ गेलं, मी पुन्हा तुमच्या ओट्याशी येऊन बसले आणि मार्चमध्ये सुटले. तुमचे उपकार कसले मानायचे, माझं अख्खं आयुष्यच तुम्ही मागून घेतलंत त्या दिवशी.

आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. मॅडम फार सेन्सिबल, म्हणतात. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते. पंचवटीत कामाला कितीदा येते, पण तुमची गल्ली टाळून रिक्षा भाजीबाजाराकडून वळवून घेते. तुमच्या दारात आता दुसऱ्याच कुणाच्या चपला असतील, त्या मला बघवायच्या नाहीत.