वरचा बोल्ट

प्रिय ठमे,

गुरुवारी तू कारखान्यातल्या गरम पाण्याच्या टाकीचं बाजूचं उभं झाकण उघडणार असं परवा फोनवर म्हणालीस, आणि तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझारा घालतोय. आई हसते. पोरगी फिटर झाली म्हणून गल्लीभर मिरवणारा हाच का तो, असं तिचं म्हणणं.

तर नीट ऐक. बारा बोल्ट आहेत, अठरा वर्षांचा गंज आहे, आणि तू जन्मजात घिसाडघाईची. आधी तारेच्या ब्रशने घास, तेल सोड आणि दिवसभर विसरून जा. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलकेच ठोक, धडाधड नको. आधी किंचित आवळ, मग सोड. पाव फेरा पुढे, पाव मागे, पुन्हा तेल. कुरकुरतोय तोवर भिऊ नकोस, कुरकुरणारा सुटतो. अचानक मऊ लागला, सहज फिरतोयसं वाटलं, की हात काढ. तेव्हा तो सुटत नसतो, तुटत असतो. पान्याला पाइप लावून जोर केलास तर माझ्याशी गाठ आहे.

हे सगळं तुला पाठ आहे, ठाऊक आहे मला. आठ वर्षांची असताना आईच्या शिलाई मशीनचा गंजका स्क्रू दोन दिवस खपून काढलास आणि मशीन मात्र पुन्हा जोडता आलं नाही. सगळ्यात वरचा बोल्ट शेवटी काढायचा, कारण झाकणाचं वजन त्याच्यावर असतं, हेही मीच शिकवलं. तेच आठवून काल दिवसभर फोनपाशी बसलो. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा जेवलीस का एवढंच विचारून ठेवून दिला.

कारखान्यात माझा पाना भिंतीवर टांगलाय. खाली पाटी आहे, की या माणसाने कधी बोल्ट तोडला नाही. पहिल्या दिवशी तू तिथे उभी राहून फोटो काढलास, तो आईने फ्रेम करून घेतलाय. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

अठरा वर्षांपूर्वी याच झाकणाचा वरचा बोल्ट माझ्या हाताला मऊ लागला, आणि मी हात काढला नाही. साहेब यायच्या आत तुटलेलं डोकं खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीने चिकटवलं, वर रंग मारला. त्याखाली झाकण धरून ठेवणारं काहीच नाही गं. मी कामावर असेपर्यंत काही ना काही सबब सांगून ते कोणाला उघडू दिलं नाही. निवृत्त होताना सांगेन म्हटलं, तर त्यांनी पाटी लावली. आता तू अकरा काढशील आणि माझ्या शब्दावर भरवसा ठेवून त्याच्यासमोर उभी राहशील. दोन माणसांनाही न उचलवणारं झाकण आहे ते. काका पहिल्या गाडीने हे पत्र घेऊन निघतोय. तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय समोरून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय. वाचलंस की फोरमनच्या हातात दे आणि झाकण आधी साखळीने बांधून घ्या. ते माझा पाना उतरवतील, उतरवू देत. तू मला काय म्हणशील याचीही भीती वाटते, पण ती मी सोसेन. तू तेवढी धड घरी ये.

तुझाच, भित्रा
बाबा