चतुराबाईंकडचं माझं खातं

फ्रेजरपुरा, अमरावती
१२ डिसेंबर १९६१

प्रिय आक्का,

तुला आणि भाऊजींना तुझ्या धाकट्या देवमनचा जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो तुझ्याआधी जागा होतो, म्हणून आधी त्याची चौकशी करतो, मग तुझी. भाऊजींची ती यवतमाळची छोटी गाडी अजून वाटेत उभी राहून लोकांना शेतातला हरभरा खाऊ देते का? (भाऊजी, हे पत्र तुम्हीच आक्काला वाचून दाखवणार. कंसातला मजकूर मोठ्यानं वाचला नाही तरी चालेल. तुम्ही वाचणारच, ते वेगळं.) इकडे मी खुशाल आहे. तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे चतुराबाईंकडचं माझं खातं बंद झालं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

चतुराबाई कोण, ते तुला सांगितलं पाहिजे. इंदू वारली, माझा संसार संपला, आणि मी अकोल्याहून इथल्या कचेरीत बदली करून घेतली, तेव्हापासून मी त्यांच्या खानावळीत जेवतो. बाई आपल्यातल्याच आहेत, बडनेऱ्याच्या. नवरा गिरणीत होता, तो वारला. मूलबाळ नाही. दोन खोल्या आणि एक ओसरी, एवढाच त्यांचा संसार, आणि त्यात रोज पंधरा-वीस माणसं जेवून जातात. रोख देणारा ओसरीवर बसतो. खातेवाला आत, चुलीजवळ. अन्न दोन्हीकडे एकच, भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा. पण आत बसणाऱ्याला बाई रागावतात. 'आज काहून दोनच भाकरी? कुठं चरून आले?' असं त्या मला रोज विचारायच्या, आणि मी रोज काहीतरी खोटं सांगायचो. आक्का, दिवसभर कचेरीत मला सगळे 'देवमन, ती फाइल' एवढंच म्हणतात. मी किती भाकरी खाल्ल्या हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. (भाऊजी, तुम्हाला आक्का रोज विचारते, म्हणून तुम्हाला याची किंमत नाही.)

झालं असं, की राज्य नवं झालं आणि आमच्या पगाराची निश्चिती नव्यानं व्हायला लागली. माझे कागद मुंबईला गेले आणि तिथेच रमले. पगार अडकला. बाईंची उधारी चढत गेली. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मला ताट पुढे ओढायची लाज वाटायला लागली. तेव्हा आमच्या कचेरीतले, बाईंकडेच जेवणारे पंजाबराव म्हणाले, 'मी मिटवून देतो.' पंजाबराव अकोल्याच्या जुन्या शहरातले, बोलायला लागले की समोरच्याला आपलीच चूक वाटायला लागते. त्यांनी मला न विचारता बाईंना सांगितलं, की सगळे बुडण्यापेक्षा अर्धे घ्या आणि विषय संपवा. मी इकडूनतिकडून जमवलेले अर्धे घेतले आणि नेऊन दिले. बाईंनी ते मोजलेसुद्धा नाहीत. भिंतीवर माझ्या नावानं कोळशाच्या रेघा होत्या, तेवढ्या जागेवर पांढऱ्या मातीचा बोळा फिरवला. पंजाबराव परत येऊन मला म्हणाले, 'घ्या, मोकळे झाले.' मी त्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं आत जायला लागलो, तर बाई म्हणाल्या, 'देवमनभाऊ, तुमी ओसरीवर बसा.' आक्का, त्या सगळ्यांना भाऊ म्हणतात. पंजाबरावांना म्हणतात, दूधवाल्याला म्हणतात. चार वर्षांत मला कधी म्हटलं नव्हतं. मला त्या बाबूजी म्हणायच्या. मी किती खाल्ल्या हे कोणी विचारलं नाही. जेवलो, पैसे ठेवले, उठलो. आगगाडीची वाट बघता बघता फलाटावर जेवतात तसं ते जेवण.

पुढे मुंबईहून कागद परतले आणि मागचा पगार एकदम हातात आला. मी उरलेले अर्धे घेऊन धावत गेलो. बाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, 'ते मिटलं ना. तुमच्याच माणसानं मिटवलं. आता मी घेत नाही.' मग मी पंजाबरावांना जामीन म्हणून नेलं. ते इस्त्रीचा कोट घालून आले होते. बाई त्यांना म्हणाल्या, 'यांची हमी तुमी घेता. तुमची कोन घेते?' पंजाबरावांनी कोटाची बटणं लावली आणि ओसरीवर जाऊन चपला शोधायला लागले. (त्यांचंही खातं बरंच वर गेलं आहे, हे मला तेव्हा कळलं.) शेवटी मी मला येतं तेच केलं. अर्ज लिहिला. चांगल्या कागदावर, समास सोडून. बाईंना वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, 'तुमीच वाचा.' जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर मी उभा राहून वाचलं, की अर्जदाराची मागील वर्तणूक ध्यानी घेऊन त्यास पूर्ववत चुलीजवळ बसण्याची परवानगी मिळावी. माणसं घास हातात धरून हसत होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्जाची घडी केली आणि डब्यांच्या फळीवर ठेवली. एवढंच विचारलं, 'हे कोन्या सायेबाले लिवलं?'

त्यानंतर आठेक दिवसांनी माझ्याकडे सुटे नव्हते. बाई म्हणाल्या, 'राहू द्या, उद्या द्या.' आक्का, चार आण्यांची उधारी. मी हवेत चालत घरी आलो. आता आपली पत दाखवायची म्हणून सकाळी कचेरीच्या कितीतरी आधी, त्या अंगणात सडा टाकत असताना, मी चार आणे घेऊन हजर. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे सरलो. 'मी काय पठान आहो, व्याजासाठी दारात बसाले? माह्यं घेतलेलं तुमाले रातभरही घरी ठेववत नाही?' पैसे परत करायलासुद्धा काही शिस्त असते, हे मला चाळीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या वेळी त्यांनी 'राहू द्या' म्हटल्यावर मी ते ठेवले. चार दिवस ठेवले. रोज त्यांच्यासमोरून त्यांचे चार आणे खिशात घेऊन जेवून यायचो, आणि कसं सांगू, त्या चार दिवसांत मला एकटं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी पैसे दिले. गर्दी सरली होती. बाई म्हणाल्या, 'आत या.' मी चुलीजवळ बसलो. त्या भांडी आवरत होत्या. म्हणाल्या, 'आता तर पगार येते तुमचा. रोख द्याले काय होते? उधारीचा एवढा सोस काहून?'

मी म्हणालो, 'रोख दिलं की उठून जावं लागते, बाई. खातं असलं की उद्या यावंच लागते.'

आक्का, हे मी ठरवून बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मलाच ऐकू आलं. बाई बराच वेळ चुलीत फुंकत राहिल्या. चूल विझलेली होती. मग म्हणाल्या, 'तुमाले घरचं मोठं कोनी आहे?' मी म्हटलं, आक्का आहे, मूर्तिजापूरला. 'मंग तिले इचारा, या मानसाले खातं द्याव का नाही.'

तर आक्का, खातं पुन्हा उघडणं आता तुझ्या हातात आहे. माझ्या वतीनं हमीचे चार शब्द पाठव. भाऊजी लिहून देतील. कळावे, आणि हे कळल्यावर लवकर कळवावे.

तुझा,
देवमन

ता. क. : भाऊजी, इथून पुढे जरा हळू वाचा, शेजारी ऐकतात. आक्का, हमी पत्रानं चालणार नाही. तू ये. शनिवारी निघ, बडनेऱ्याला गाडी बदल, मी स्टेशनवर आहे. बाई खात्याचं विचारत नव्हत्या, हे तुला कधीच कळलं असेल. मला कळायला दोन दिवस लागले. मग मी नीट विचारलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. सोयरिकीचं मोठ्या माणसानं येऊन बोलावं, म्हणाल्या.

ता. क. दुसरा : हे पत्र मी खानावळीत बसूनच लिहिलं आणि बाईंनी ते वाचून दाखवायला लावलं. त्या म्हणतात, एक गोष्ट चुकीची लिहिली. पैसे अर्धे आले म्हणून त्यांनी मला ओसरीवर बसवलं नव्हतं. त्या सांगतात तसंच लिहितो : 'हिशेब मिटवाले दुसरा मानूस आला, तवा मले वाटलं हे गाव सोडून चालले. जानाऱ्याले आत काहाले बसवाव?'

आणखी त्या म्हणतात, पैशाच्या बाबतीत हा माणूस कसा आहे ते त्यांनी पाहिलं. इंदूला मी कसं वागवलं, हे मात्र त्या तुझ्याच तोंडून ऐकणार, मी समोर नसताना. तेव्हा तू ये आणि असेल ते खरं सांग. माझी बाजू घेऊ नकोस. तुम्ही दोघी आत बसा. मी ओसरीवर थांबतो.