राणीचा धोबीपछाड

४ नोव्हेंबर, मंगळवार

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर बघून पहिलीतल्या पोरांची माफी मागावीशी वाटतेय! उजवं मनगट मोडलं. आठवीतल्या राणीनं मला उचलून आपटलं. औंधला प्लास्टर घालून आलो. बाकी उद्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

घरी बसून कंटाळा आला, म्हणून सविस्तर लिहिते. हळूहळू का होईना, डावा हात वळतोय.

मधली सुट्टी. खिचडी वाढून झाली होती. पप्पूनं राणीचे कुस्तीचे बूट पाण्याच्या टाकीत टाकले. बापानं शेळी विकून आणलेले बूट. तिनं त्याची गचांडी धरून त्याला भिंतीला टेकवलं. मी धावत गेले आणि — इथंच चुकलं — तिला मागून धरलं. रोज पहाटे तालमीत घुमणाऱ्या पोरीला मागून धरायचं नसतं, हे या भागात बावीस वर्षं शिकवून मला कळू नये? तिनं कोण आहे ते बघितलंसुद्धा नाही. माझा हात खेचला, कंबरेत वाकली आणि मी तिच्या खांद्यावरून थेट मैदानात. वर यमाईचा डोंगर उलटा दिसला, एवढं आठवतं.

आमचे जयराजराव फौजेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच गोष्टी कळतात, ऊस आणि कुस्ती. बायकोचं मनगट मोडल्यावर दवाखान्यात पहिला प्रश्न काय? "डाव कुठला मारला गं पोरीनं?" मी सांगितलं, खांद्यावरून घेतलं. "म्हणजे धोबीपछाड! आठवीत हाय आन् एवढं वजन उचललं?" माझ्या वजनावर एवढ्या कौतुकानं ते लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले.

राग आलाय का? शोधून पाहिलं. नाही आला. पोरगी माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पेपरात आलं! 'विद्यार्थिनीकडून शिक्षिकेस बेदम मारहाण.' बेदम! कराडहून मावशीचा फोन, पुण्याहून लेकीचा फोन. लेकीला सांगितलं, अगं, एकदाच आपटलं.

दुपारी वीरधवल सर घरी आले. तालुक्याच्या शिक्षक संघटनेचे पुढारी, वय चाळिशीचं, बोलणं मंत्र्याचं. सोबत टाइप केलेली तक्रार. राणीनं जाणूनबुजून मारलं, शिवीगाळ केली, असं त्यात. खाली माझ्या सहीची जागा. सही झाली की पोलीस केस, राणीच्या हातात शाळेचा दाखला आणि संघटनेच्या मोर्चाला कारण. "बाई, आज तुमच्यावर हात उचलला, उद्या आमच्यावर. कवातरी धाक बसायला पायजे का नको?"

त्यांचंही अगदीच चूक नाही. पोरांपुढं उभं राहायला भिणारे शिक्षक मला माहीत आहेत. पण यात लिहिलेलं घडलेलंच नाही. मी म्हटलं, हात मोडलाय, सही कशी करू? तर म्हणाले, "अंगठा चालंल." साक्षरता वर्गात मी बायकांचे अंगठे सोडवले आणि आता मलाच अंगठा उठवायला सांगतायत! सरळ सांगितलं — खोट्यावर सही नाही आणि अंगठाही नाही. चहा न पिता गेले.

मुख्याध्यापक नाथाजी गुरुजींचा संध्याकाळी फोन. "बाई, संघटनेशी वाकडं कशाला घेताय? तेवीस तारखेला तुमची टीईटी. ती बघा."

ती बघतेच आहे. शिक्षक व्हायला लागणारी ही पात्रता परीक्षा आता आम्हा जुन्या लोकांनाही सक्तीची झालीय. मुदतीत पास व्हा, नाहीतर घरी बसा. बावीस वर्षांनी मला शिकवता येतं की नाही, ते गोल रंगवून सिद्ध करायचंय. आणि रंगवायचा हात गळ्यात बांधलेला. मला मात्र घरी बसायचं नाही. शाळेशिवाय मी काय करणार? उसाला पाणी पाजणार?

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेत गेले. पोरं प्लास्टरवर नावं लिहायला मागत होती.

दुपारी राणीचे वडील मल्हार आले, तिला पुढं घालून. पूर्वी मेंढरं राखायचे, आता डाळिंब लावलंय. वर्गाच्या दारातच उभे. "बाई, तुमी सांगाल ती शिक्षा करा. पर दाखला देऊ नगा. पोरीची जिल्ह्याची कुस्ती हाय आन् शाळा सुटली की भावकी म्हनंल, लगीन करून टाका." राणी खाली बघत म्हणाली, "बाई, मी वळखलं न्हाई वो. मागनं धरलं की हात आपसूक चालतोय."

मला हसू आलं. मी म्हटलं, पप्पूला धरलंस तेही चूकच, त्याची शिक्षा म्हणून महिनाभर मैदान झाडायचं. पप्पूनं टाकी धुवायची. विषय संपला. मल्हारांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्याही आलं. गुरुजींनी दोघांना चहा मागवला.

१२ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत अंकिता माझी टीईटीची तयारी करून घेते. शिक्षणसेवक म्हणून लागलीय. एम.एस्सी. झालेली, टीईटीतले गुण बघाल तर तोंडात बोट घालाल — आणि मानधन माझ्या पगाराच्या पावपटसुद्धा नाही. मी म्हटलं, अंकिता, तुझी परीक्षा आणि माझा पगार असं एकत्र केलं तर एक चांगली शिक्षिका तयार होईल. ती हसली, पण लगेच पुस्तकात डोकं घालून पुढचा प्रश्न वाचायला लागली. असं बोलायला नको होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सातारच्या सिव्हिलमधून हात मोडल्याचं प्रमाणपत्र आणलं. लेखनिक घ्यायची परवानगी मिळाली! म्हणजे मी उत्तर सांगायचं, दुसऱ्यानं गोल रंगवायचा. अट एकच, लेखनिक कमी शिकलेला हवा. अंकिता चालत नाही. माझी लेकही चालत नाही. घरात सगळ्यांना शिकवून बसले!

राणीला विचारलं. नाथाजी गुरुजी चाटच पडले. "बाई, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" आहे की! वर्गात तिच्याइतकं नीट कुणी रंगवत नाही. शिवाय माझ्याकडं बघून ती अजूनही मान खाली घालते, ते मला बघवत नाही.

२० नोव्हेंबर

बाल मानसशास्त्र डोक्यात शिरत नाही. बालकं शिरतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिली बाई एकदाची परीक्षा!

यांनी गाडी काढली. मल्हारांनी राणीला नवा ड्रेस घालून पाठवलं, वेण्यांना लाल रिबिनी. साताऱ्याच्या केंद्रावर आम्हाला वेगळी खोली दिली. बाहेर निम्मे परीक्षार्थी माझ्या वयाचे, चष्मे सरसावत, पोरांसारखे नखं खाणारे. एरवी आम्हीच बेंचांमधून कॉप्या पकडत फिरायचो. दहावीच्या परीक्षेला मी दारात दिसले की पोरं स्वतःहून चिठ्ठ्या काढून द्यायची.

मी प्रश्नपत्रिकेत डोकं घालून हळू आवाजात आकडा सांगत गेले. राणीच्या कागदाकडं एकदाही बघितलं नाही. विश्वास टाकायचा तर पूर्ण. शेवटी शेवटी मनगट ठणकायला लागलं, काय वाचतेय आणि काय सांगतेय तेच कळेना. राणी मात्र जीभ दाताखाली धरून रंगवत होती.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, कसा गेला? मी म्हटलं, तिला विचारा, कागद तिच्याकडं होता. राणीनं समोरच्या हॉटेलाकडं बोट दाखवलं. मिसळ दोन प्लेट खाल्ली. परतीच्या वाटेवर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिनंच खेचलेल्या हाताच्या खांद्यावर. मला फार बरं वाटलं.

१६ डिसेंबर

प्लास्टर निघालं. हात वाळक्या शेंगेसारखा दिसतोय, पण माझा आहे. ही ओळ उजव्या हातानं!

राणी जिल्ह्यात दुसरी आली. यांनी तिला नवे बूट घेतले. मला दिवाळीला साडी घेताना दोन दुकानं फिरून किंमत करणारा हा माणूस!

१६ जानेवारी, शुक्रवार

पास! अगदी काठावर. एक गुण कमी पडला असता तरी गेले होते. पण पास म्हणजे पास. आता निवृत्तीपर्यंत मला शाळेतून कोणी उठवू शकत नाही. दोनदा निकाल उघडून बघितला, मग यांना बघायला लावला.

संध्याकाळी वीरधवल सरांचा फोन. त्यांनीही परीक्षा दिली होती, पण एका गुणानं हुकलं. तरी मनापासून अभिनंदन केलं. "बाई, तवा तुमी सही केली न्हाई, मला लय राग आलावता. पर आज पटलं. खऱ्याला देव हाय." त्यांच्याविषयी मनात होतं ते सगळं गेलं.

१७ जानेवारी, शनिवार

साताऱ्याहून कंदी पेढे आणले, पाच किलो. शाळाभर वाटले, स्वयंपाकाच्या मावशींना, गुरुजींना, रस्त्यावरच्या एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा. पप्पूनं तीन घेतले. राणीनं एक घेतला आणि न खाता दप्तरात ठेवला. घरी नेत असेल.

गुरुजींनी पोरांपुढं भाषण केलं. खरेपणाचं फळ, वगैरे. लाजले, पण आवडलं. खोटं कशाला बोला!

१९ जानेवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर राणी थांबली. शनिवारचा पेढा टेबलावर ठेवला.

"बाई, त्यो चिमट्याचा प्रश्न. तरफेचा कंचा प्रकार म्हणून. तुमी दुसरा म्हणलासा. मी तिसरा रंगवला. सहावीत तुमीच घरनं चिमटा आणून शिकवलंवतं आमाला. तुमचा हात दुखत व्हता, तुमचं ध्यान नव्हतं."

मी विचारलं, मग आता कशाला सांगतेस?

"तुमी माझ्यासाठी खोट्यावर सही केली न्हाई, म्हणून."

ती गेली. एकच गुण. पाच किलो पेढे वाटून झालेत.