टेकू काढण्याचा क्रम

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून स्वावलंबन. जेवताना बाबांना प्लॅन समजावला. छज्ज्याचं काँक्रीट ओतलं की खालचे टेकू एकदम काढत नाहीत. मोकळ्या टोकाकडून सुरुवात करून भिंतीकडे यायचं. माझा पहिला टेकू फोनचं बिल, मग माझ्या नव्या खोलीच्या भाड्यातला त्यांचा वाटा, शेवटी रविवारचं जेवण आणि धुणं. बाबा म्हणाले, बरं इंजिनियरबाई, आणि भिंत? भिंत काढत नाहीत, असं सांगितलं. ते हसले, पण त्यांना जड जातंय हे उघड आहे. आई गेल्यापासून एकटे आहेत. पैसे घेणं एकदम थांबवलं तर आपण निरुपयोगी झालो असं त्यांना वाटेल. दमाने घ्यायला हवं.

५ फेब्रुवारी, बुधवार
फोनचं बिल स्वतः भरलं. बाबांना कळवलं. शाब्बास म्हणाले आणि फोन ठेवला. मागे कुणीतरी हसत होतं. टीव्ही असावा.
माझ्या खोलीतली शांतता उत्तम आहे. लक्ष एकाग्र होतं. कशावर, ते ठरवायचंय.

९ फेब्रुवारी, रविवार
धुणं घेऊन गेले. गरज म्हणून नव्हे. वॉशिंग मशीन पडून राहिलं की दाराचं रबर कडक होतं, आणि बाबांच्या एकट्याचे कपडे ते किती. घरातली माझी खोली बंद होती. बाबा म्हणाले, रंग दिलाय, वास येतोय, नको उघडूस.

१६ फेब्रुवारी, रविवार
रंग अजून वाळलेला नाही. असं होत नाही. भिंतीत ओल असणार. खिडकी उघडी ठेवा म्हटलं. ठेवतो हो, म्हणाले. भाजी नेहमीपेक्षा बरी होती. शिकतायत. वजनही वाढलंय त्यांचं. एकटी माणसं वेळीअवेळी खातात.

२० फेब्रुवारी, गुरुवार
घरमालकिणीने विचारलं, तुझ्याकडे कुणीच कसं येत नाही गं? कामात असते, म्हटलं. ती म्हणाली, बरंच आहे, जिना स्वच्छ राहतो.
ऑफिसातले सगळे सिनेमाला गेले. मला विचारलं नाही. मी नाहीच म्हणणार, हे त्यांनी ओळखलं. समजूतदार लोक आहेत.

३ मार्च, सोमवार
पगार झाला. अख्खं भाडं मी भरलं. दुसरा टेकू निघाला. बाबांना हे फोनवर सांगणं क्रूरपणा होईल. समोर बसून सांगायला हवं, आणि रविवारपर्यंत ताटकळत ठेवणंही बरोबर नाही. उद्या ऑफिसातून परस्पर जाते. धुणं नेते. रिकाम्या हाताने गेले तर त्यांना वाटेल मला करमत नाही.

४ मार्च, मंगळवार
दार एका मुलीने उघडलं. अंगात नर्सचा युनिफॉर्म, हातात पळी. म्हणाली, ताई, कोण हवंय तुम्हाला? मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, कुरिअरवाले सांगतात तसं. ती आत वळून ओरडली, काका, कुणीतरी आलंय.
ती माझ्या खोलीत राहते. मी घर सोडलं तेव्हापासून. रविवारी तिची ड्यूटी असते. बाबा म्हणाले, तुझ्या भाड्याचा वाटा मी आणणार कुठून होतो, पेन्शनमधून? ती देते तेच तुला देत होतो. तुला वाईट वाटेल म्हणून रंगाचं सांगितलं.
मी म्हटलं, आता लागणार नाही. अख्खं भाडं मी भरलंय. तिला खोली सोडायला सांगता येईल.
बाबांनी पाठीवर जोरात थाप मारली. खरंच खूश झाले. मग पेल्यातलं पाणी संपवून म्हणाले, ती राहू दे गं. घरात आवाज असतो. सवय झालीय.
ती म्हणाली, ताई, जेवल्याशिवाय सोडणार नाही. मला आधी वाढलं, पाहुण्यांना वाढतात तसं. मशीनमध्ये तिचे कपडे फिरत होते. रबर मऊ आहे.

९ मार्च, रविवार
प्लॅन वेळेआधीच पूर्ण. आज गेले नाही. टेकू निघाल्यावर छज्जा जरासा खाली येतोच. ते हिशोबात धरलेलं असतं.
धुणं बादलीत धुतलं. वाळत घालायला खोलीत दोरी बांधली. एक टोक खिडकीच्या गजाला. दुसऱ्याला खिळा नव्हता, म्हणून खुर्चीला. ओले कपडे टाकल्यावर खुर्ची सरकू लागली.
मग खुर्चीवर मी बसले. कपडे वाळेपर्यंत उठता येणार नाही.