सात नंबरच्या तीन फेऱ्या

सोमवार, ३ तारीख
आज कामावर रुजू झालो. दहावीनंतर शिक्षण सुटलं, तरी नोकरी लागली. सही करताना साहेब म्हणाले, अक्षर मोत्यासारखं आहे, असाच माणूस हवा होता. ताईला फोन केला. ती म्हणाली, आता दाराची कडी सात वेळा तपासायचा पगार मिळणार तुला.

काम असं. ऑपरेशन करणारी यंत्रं इथे तपासतात. डॉक्टर बाजूला बसून मूठ हलवतात आणि यंत्राचा बारीक हात, पोटाला पाडलेल्या बोटभर भोकातून आत जाऊन, तसाच हलतो. आमच्याकडे पोटाऐवजी सिलिकॉनचा पिवळसर गोळा असतो. आत एक निळी रेघ. यंत्राच्या हाताने रेघेवरूनच कापायचं. एक गोळा, एक फेरी. किती सरकला ते मी भिंगातून मोजून वहीत लिहायचं. खोली स्वच्छ, खिडकीला जाळी, खुर्ची नवी.

मंगळवार, ४ तारीख
गोळे ओतणाऱ्या बाईंना इथे सगळे मावशी म्हणतात. त्यांनी नियम शिकवला. चूक सलग तीनदा झाली तरच ती खोट. एकदा-दोनदा झाली तर गोळ्याचा दोष धरायचा, वहीत शेरा नाही. मुलगी देतानाही बाप तीनदाच चौकशी करतो, म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

गुरुवार, ६ तारीख
सात नंबरचं यंत्र आलं. पहिली फेरी : रेघेच्या डावीकडे दीड मिलिमीटर. दुसरी : पुन्हा डावीकडे, दीड. मी लाल पेन काढून ठेवलं. तिसरी : अगदी रेघेवर. नियमाप्रमाणे पास.

मंगळवार, ११ तारीख
सात नंबर. चौथी चुकली, पाचवी चुकली, सहावी बरोबर. सातवी, आठवी, मग नववी. मध्ये वीज बंद करून पाहिली. गोळे मावशींकडून नवे ओतून घेतले. मी जेवायला गेलो असताना त्यांना एक फेरी करायला लावली. तरी मोजणी तिथूनच पुढे : दोन चुकीच्या, तिसरी बरोबर. मावशी म्हणाल्या, यंत्राला कुठला नियम ठाऊक असणार?

गुरुवार, १३ तारीख
साहेबांना वही दाखवली. सुतावरून स्वर्ग गाठू नकोस, म्हणाले. सलग तीन कुठे आहेत ते दाखव. नाहीत. तिसरी चूक मी स्वतःच लिहिली असती तर यंत्र थांबलं असतं. पेन हातात होतं. पण न मोजलेला आकडा माझ्या हातून उतरत नाही. छत्तिसावी फेरी बरोबर आली. सही केली. बोटं बधिर झाल्यासारखी वाटतात. मुंग्या नाहीत, दुखत नाहीत, नुसती आहेत.

मंगळवार, १८ तारीख
ताईच्या पित्ताशयात खडे आहेत. ऑपरेशन मंगळवारी, पंचवीसला. नवीन यंत्राने, ती कौतुकाने म्हणाली. चार टाके, दोन दिवसांत घरी. यंत्राचा नंबर विचारून घे म्हणालो. तिला वाटलं, मी थट्टा करतोय.

बुधवार, १९ तारीख
सात.

गुरुवार, २० तारीख
ताईला सांगितलं. ती हसली. भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, तुझा स्वभावच असा, आणि डॉक्टर सगळे वेडे आहेत का? मग मी दवाखान्यात गेलो. यंत्र पंचवीसलाच पहिल्यांदा सुरू होणार. त्या दिवशी तीन ऑपरेशनं. ताईचं पहिलं. मी खिडकीवरच्या बाईंना खोटं सांगितलं, की मुलांना शाळेत सोडून यायला तिला उशीर होईल. त्यांनी तिला तिसरं केलं.

ज्याच्या हाताने आकडा बदलता येत नाही, त्याच माणसाने हे केलं.

सोमवार, २४ तारीख
पहिल्या दोन नंबरांवर कोण, ते विचारलं नाही. जेवलो. झोप नीट लागली. याचीच भीती वाटायला हवी होती.

मंगळवार, २५ तारीख, सकाळी
दवाखाना. पहिल्या नंबरचे काका समोरच बसलेत. बायको त्यांच्या स्वेटरचं बटण लावून देतेय. दुसऱ्या नंबरच्या बाई भिंतीकडे बघतायत. ताई त्यांना केसांचा चाप देतेय. मी काहीच बोलत नाही. आत काही हलतही नाही.

साडेआठ
काकांनी उपाशीपोटी यायचं असताना चहा-बिस्किटं खाल्ली. नर्सबाई ओरडल्या. त्यांचं ऑपरेशन रद्द. काका ओशाळून हसतायत.

म्हणजे भिंतीकडे बघणाऱ्या बाई पहिल्या. आणि ताई—

पावणेअकरा
बाईंना आत नेऊन दोन तास झाले. डॉक्टर बाहेर आले. बाईंच्या मुलाशी हळू बोलतायत. मुलगा खाली बसला—

नर्सबाईंना सगळं सांगितलं. यंत्र थांबवा म्हणालो. पुरावा काय, त्यांनी विचारलं. मग त्यांनीच तपासणीचा कागद काढून माझ्यासमोर धरला. पास. खाली सही. मोत्यासारखं अक्षर—

ताईला आत घेतलं. दारातून तिने कडी लावल्याची खूण केली, मला हसवायला—

दार ढकललं. आतून बंद. हात लागतोय की नाही तेच कळत नाही. भाऊजी धरून बसवतायत. दारावरचा ऑपरेशनचा दिवा लागला—

निदान नीट लिहून ठेवतो. यंत्र क्रमांक सात. फेरी दुसरी. वेळ अकरा वाजून चार मिनिटं. डावीकडे