गाडीला मिस्त्रीचा धाक

तारीख २

नातीने तिच्या बाबांच्या ऑफिसची डायरी मला दिली. मागच्या सालची आहे, म्हणून वार सगळे चुकीचे छापलेत. मी वार खोडते, तारीख ठेवते. तिसरीतून शाळा सोडलेल्या बाईला एवढं जमलं तरी खूप.

लिहायचं कारण असं की आमचं ठरलंय! गाडीने जायचं. आधी अक्काकडे, मग पुढे समुद्रावर. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं गाव दीड दिवसाच्या वाटेवर. आमची गाठ पडून इतकी वर्षं झाली की ती अजून मला सडपातळ समजते. मी गैरसमज दूर केलेला नाही.

लगेच तिला फोन लावला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडते. मी ओरडते म्हणून तीही ओरडते. शेजारच्या काकूंना आमच्या घरातलं सगळं ठाऊक असतं ते असं. अक्का म्हणाली, येताना आईचा खलबत्ता आण, नाहीतर दार उघडणार नाही. लोखंडाचा आहे, लहानसा पण वजनदार. आईच्या मागे तो माझ्या घरात आला आणि अक्काच्या डोक्यात जाऊन बसला.

संकल्प: गाडीच्या तयारीचं सगळं मी बघणार. मुलाला ऑफिस, सुनेला ऑफिस, नातीला मोबाईल. घरात रिकामी आणि हुशार अशी मी एकटीच.

तारीख ३

सूनबाईने नियम काढला. माणशी एक बॅग. आणि आई, म्हणाली, लोखंड-पितळ काही घ्यायचं नाही हं, गाडी आहे ती, टेम्पो नाही. मी मान हलवली. मान काय, पंख्याच्या वाऱ्यानेही हलते.

दुपारी डिकी उघडली. चटई उचलून पाहते तर खाली जादा चाक आडवं झोपलेलं आणि त्याच्या मधोमध छान खळगा. अगदी खलबत्त्याच्या मापाचा! गाडी बनवणाऱ्याच्या आईकडेही खलबत्ता असणार. जुन्या चादरीत गुंडाळून आत ठेवला, वर चटई पसरली. कोणाच्या बापाला कळायचं नाही. बाप म्हणजे माझाच मुलगा, तो तर चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतो.

तारीख ४

सकाळी स्वयंपाकघरात मुलगा आणि सूनबाई हळू आवाजात बोलत होते. मी मुद्दाम ऐकलं नाही, फक्त दाराआड उभी होते.

सूनबाई म्हणत होती, आता वय झालंय रे. सकाळी सुरू व्हायलाच अर्धा तास. मग रस्ताभर आवाज. दर तासाला थांबावं लागणार. मुलगा म्हणाला, मग काय करायचं, इथेच ठेवून जायचं? ती म्हणाली, शेजारच्या काकूंकडे ठेवू आठ दिवस, त्या हो म्हणतील.

बिचारी गाडी! इतकी वर्षं राबली आणि आता हे बोलणं. शिवाय काकूंच्या अंगणात गाडी मावणार कुठे? सगळ्या कुंड्या आहेत.

ते काही नाही. गाडी ठणठणीत करून दाखवायची. ती पास तर आम्ही सगळे पास.

तारीख ६

गाडी धुतली. पुसायला फडकं मिळेना, तेव्हा डिकीतली जुनी चादर काढली. खलबत्त्याला चादर कशाला, त्याला काय थंडी वाजते?

स्टिअरिंग फार कोरडं दिसलं. डोक्याला लावायचं तेल घेऊन चोळलं. काय चकाकलं! संध्याकाळी मुलगा बाजारात जायला निघाला आणि फाटकाशीच हात घसरून गाडी कुंडीवर गेली. रागावला. चकाकीबद्दल एक शब्द बोलला नाही.

संकल्प: तेल बंद. बोलणं कमी.

तारीख ७

आज सगळे फिरायला गेलो, गाडीची चाल बघायला. वळणावर आवाज आला. ठण्ण, आणि मागून गुडगुडगुड. सगळ्यांत आधी मी ऐकला. घरात माझ्याएवढा तिखट कान कोणाचा नाही. मी म्हटलं, थांबव, गाडीच्या पोटात काहीतरी आहे. मुलाने पुन्हा वळवून पाहिली. ठण्ण, गुडगुड. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आवाजाचं काय ते कळल्याशिवाय एवढ्या लांब न्यायची नाही.

बरं झालं मी होते म्हणून. वाटेत कळलं असतं तर?

तारीख ९

गाडी गॅरेजमध्ये. न्यायच्या आधी मी हळूच खलबत्ता काढून घेतला. मिस्त्री सगळं उघडून बघणार, परक्या माणसासमोर घरातली चीज कशाला.

मुलगा परत आला तो डोकं खाजवत. मिस्त्रीने चार फेऱ्या मारल्या, हूं नाही की चूं नाही. गाडी लोण्यासारखी चालते म्हणाला.

खलबत्ता जागेवर ठेवला.

तारीख १०

ठण्ण! गुडगुडगुड!

सूनबाई म्हणाली, कमाल आहे, काल तर बंद होता. मला मात्र लगेच उमगलं. गाडीला मिस्त्रीचा धाक आहे. मीसुद्धा शाळेत अशीच होते. घरी तोंडाचा पट्टा चालू, बाईंसमोर मुकी. म्हणून तर तिसरीत राहिले. मुलाला हे समजावून सांगितलं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. पटलं असणार.

तारीख १२

पुन्हा गॅरेज. पुन्हा आधी खलबत्ता काढला. आता कंबर भरून येते, पण तयारी म्हटली की एवढं होणारच.

मिस्त्री म्हणाला, इथे आवाज येत नाही, पण तुम्ही सगळे सांगताय तर सस्पेन्स ढिला झाला असेल. नात म्हणे, आजी, सस्पेन्शन. मी म्हटलं, तेच ते. सस्पेन्सचे दोन-तीन भाग बदलून आणले.

खलबत्ता परत खळग्यात.

संध्याकाळी ठण्ण. गुडगुड. मुलगा गाडीतून उतरून नुसता उभा राहिला. चाकाला लाथ मारली आणि मग स्वतःचा पाय धरून बसला.

तारीख १३

दीड दिवस बसून जायचं म्हणजे बसायची प्रॅक्टिस हवी. दुपारभर उभ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. वारा यावा म्हणून दार उघडं ठेवलं. आतला इवलासा दिवा लागला, छान वाटलं. चहाही तिथेच घेतला. काकू फाटकाशी येऊन विचारू लागल्या, कुठे निघालात? म्हटलं, अजून कुठे नाही, नुसती बसलेय. पुढची सीट माझी, हे मनात पक्कं केलं.

संध्याकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी उतरली म्हणे, दिवा कोणी चालू ठेवला? मी काही बोलले नाही. बोलणं कमी करायचा संकल्प आहे ना.

तारीख १५

मिस्त्री न सांगता घरी आला! गाडीला गाठायचं तर बेसावध असताना, हे मीच सुचवलं होतं. पण मलाही बेसावध गाठलं.

फेरी मारली. ठण्ण, गुडगुड. मिस्त्रीचे डोळे चमकले. डिकीत काही सामान आहे का, असं त्याने विचारलं. सूनबाई म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. सामान नाहीच ते. सामान म्हणजे बॅगा, कपडे. खलबत्ता ही आईची आठवण.

त्याने डिकी उघडली, चटई पाहिली, बंद केली. गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा केसांत माती होती. आजी, म्हणाला, इतकी वर्षं काम करतोय, अशी गाडी बघितली नाही. मी म्हटलं, आमच्या घरातलं सगळंच वेगळं असतं. त्याने हात जोडले. सज्जन माणूस.

तारीख १७

मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. तो असा जवळ येऊन बसला की मला भीती वाटते. म्हणाला, आई, गाडीचा भरवसा नाही. आम्ही तिघं बसने जातो. बसमध्ये तुला झेपायचं नाही, तुझे गुडघे. तू आठ दिवस काकूंकडे राहा. अक्कामावशीला आम्ही भेटून येतो.

मी म्हटलं, आणि खलबत्ता? तो म्हणाला, कुठला खलबत्ता?

काही नाही, म्हटलं.

तशी माझी हरकत नाही. आजारी गाडीजवळ घरचं कोणीतरी हवंच. काकूंकडे टीव्ही मोठा आहे. अक्का काय, पुढच्या वर्षीही असेल. असेलच. माझ्याहून ताठ चालते.

रात्री जेवण गेलं नाही. पोट बिघडलं असावं.

तारीख १८

अक्काला फोन. ओरडून सांगितलं की गाडीचा सस्पेन्स गेलाय, मी काकूंकडे राहणार. ती ओरडली, कुठे? मी ओरडले, काकूंकडे! तिकडून काकू खिडकीतून ओरडल्या, हो हो, या! अक्का म्हणाली, काय बावळट माणसं आहात, आणि फोन ठेवला. लाइन कट झाली असेल.

तारीख २०

अक्का आली! बसने! एकटी! एक पिशवी आणि एक छत्री!

स्टँडवरून फोन केला, म्हणाली, न्यायला या, उन्हात उभी आहे. सगळे तसेच गाडीत बसून गेलो. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, केवढी झालीस गं! झाला तिचा गैरसमज दूर.

तिला मानाने पुढच्या सीटवर बसवलं. मुलगा सांगत होता की मावशी, गाडी आवाज करते, घाबरू नका. तिला ते ऐकूच गेलं नाही. मागून ट्रकने हॉर्न वाजवला, तोही नाही ऐकला. आणि पहिल्याच वळणावर ठण्ण, गुडगुड झालं तशी ताठ बसली. आपल्या सीटवर हात दाबून म्हणाली, अगो बाई, आईचा खलबत्ता!



अक्का म्हणाली, या धक्क्याने रोज पहाटे उठवायची आई, आपल्या दोघींची गादी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती, विसरलीस होय? बत्ता सुटलाय बघ खलातून.

मुलाने गाडी कडेला घेतली. डिकी उघडली. चटई उचलली. मी खिडकीतून पलीकडच्या दुकानाची पाटी वाचत होते. मोठ्या अक्षरातली होती, सगळी वाचता आली. दोनदा वाचली.

मुलगा डिकीत डोकं घालून राहिला. खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. नात म्हणाली, नाही आजी, बाबा हसतायत. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, आई, गॅरेजला नेताना प्रत्येक वेळी तुम्ही हा काढून ठेवत होता? मी म्हटलं, मग? परक्या माणसासमोर?

ती पण हसायला लागली. हसण्यासारखं काय ते मला अजून कळलेलं नाही. पण चार लोक हसले की मीही हसते.

तारीख २१

मिस्त्रीला मुलाने फोनवर सांगितलं. तो म्हणे खालीच बसला.

अक्काने जेवताना सगळ्यांना झापलं. मी या वयात बसने एकटी आले, आणि हिला तुम्ही शेजारी ठेवणार? ही काय कुंडी आहे? मुलगा म्हणाला, नाही मावशी, तसं नव्हतं. सूनबाई पाणी आणायला उठली. मी मध्ये पडून अक्काला समजावलं की अगं, ते गाडीला ठेवणार होते, आधी माझं नावच नव्हतं. मुलाने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

ठरलं. उद्या सगळे निघणार. अक्काला सोडून पुढे समुद्र. शेवटी माझ्या तयारीमुळेच झालं.

तारीख २२, सकाळी, गाडीत

निघालो. अक्षर हलतंय.

पुढच्या सीटवर अक्का. कानाची तिखट म्हणून तिला पुढे बसवलंय. तिला! मी मागे मधोमध. खलबत्ता माझ्या मांडीवर, सूनबाईने स्वतःच्या ओढणीत बांधून दिलाय.

फाटकापासून इथवर सगळं सांगत आलेय. कुठलं वळण येणार, कुठे हळू घ्यायची, मिस्त्री काय म्हणाला, तिसरीतल्या बाई कशा होत्या. दोनदा थांबायला लावलं, गुडघ्यांसाठी.

मुलगा आत्ता म्हणाला, ऐका, गाडीचा आवाज पूर्ण बंद. सूनबाई म्हणाली, हो, आता एकच आवाज राहिलाय. नात खो खो हसली.

मी बोलायची थांबले आणि नीट कान देऊन ऐकलं. काहीच आवाज नव्हता.

संकल्प: परत गेल्यावर त्या राहिलेल्या एका आवाजासाठी गाडी मिस्त्रीला दाखवायची.