आईने बांधून दिलेल्या गोळ्या

ती. आईस,

इथूनच पाया पडतो. माझा कान दुखत होता, आता बरा आहे. उगाच घाबरू नकोस.

डॉक्टरांची वेळ नऊ दिवसांनंतरची मिळत होती. पण इथे परदेशात आता औषधाच्या दुकानातल्या शिकलेल्या बाईसुद्धा तपासून, स्वतःच्या सहीने औषध लिहून देतात. मला वाटलं, दुकानच ते, गोळ्या गळ्यात मारणारच! तर बाईंनी आतल्या खोलीत बसवून बॅटरीने कान नीट पाहिला आणि विचारलं, "सध्या काय घेताय?"

मी तू निघताना दिलेली गोळ्यांची पुरचुंडी पुढे केली.

"ही दुखण्यावरची गोळी कोणाची?"

"आईची. गुडघ्यासाठी रोज घेते."

"बीपीची गोळीही चालू आहे त्यांना?"

मी हो म्हणालो. झालं! माझा कान राहिला बाजूला, तुझीच चौकशी सुरू. म्हणाल्या, बीपीच्या गोळीसोबत ही रोज घेतली तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मला नुसते थेंब लिहून दिले. तुझ्यासाठीही दुसरं औषध मागितलं, तर म्हणाल्या, "त्यांना पाहिल्याशिवाय नाही. दोन्ही गोळ्या घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायला सांगा." मानलं बाईंना!

तेव्हा पत्र मिळताच वहिनीला सोबत घेऊन जा. दादा कसा आहे?

शेवटी बाईंनी विचारलं, "आईच्या पायांवर सूज येते का?" म्हटलं, तिलाच विचारून सांगतो.

येते का गं?

तुझा,
धाकटा